ड्रेस्डेनहून प्राग: शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र

ड्रेस्डेनला शिकणारे आम्ही मराठी विद्यार्थी पहिल्याच सत्रात कधीतरी प्रागची वारी करतो, आणि मग करतच राहतो. थेट गाडीने अडीच तासांच्या आत-बाहेर पोहोचता येतं, म्हणजे पुण्याहून मुंबईला जायला लागतो त्याहून कमी वेळ. दोन दिवसांत शहर चांगलं पाहून होतं, पण क्रम बरोबर लागला तरच. ज्यूंच्या जुन्या वस्तीतली, म्हणजे योसेफोवमधली सिनेगॉग, म्हणजे त्यांची प्रार्थनाघरं, शनिवारी सब्बाथच्या विश्रांतीच्या दिवसामुळे बंद असतात. किल्ल्यातलं सेंट व्हिटसचं कॅथेड्रल रविवारी दुपारी बारापर्यंत पर्यटकांना उघडत नाही, कारण तेव्हा प्रार्थना चालू असते. म्हणून किल्ला शनिवारी आणि योसेफोव रविवारी. हे उलटं केलं की दोन्हीकडे बंद दार बघून परत फिरावं लागतं. बाकीचा सगळा आराखडा या दोन वेळांभोवती बसवायचा.

आधी कागदपत्रं. जर्मनीचं निवासपत्र म्हणजे ते प्लास्टिकचं कार्ड आणि पासपोर्ट, दोन्ही मूळ स्वरूपात जवळ हवेत. कार्डावर शेंगेन देशांत कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस फिरता येतं, वेगळा व्हिसा लागत नाही. जर्मनीने चेक सीमेवर 2023 च्या ऑक्टोबरपासून तपासणी परत सुरू केली. त्यामुळे येताना गाडीत पोलीस चढणार असं धरूनच चालायचं. मोबाइलमधला फोटो चालत नाही. ज्यांचं कार्ड नूतनीकरणाला गेलंय आणि हातात फक्त तात्पुरता कागद आहे, त्यांनी त्या कागदावर नेमक्या कुठल्या कलमाची खूण आहे ते परदेशी नागरिक कार्यालयातून समजून घेतल्याशिवाय सीमा ओलांडू नये. आरोग्यविम्याचं कार्डही बरोबर घ्या. सरकारी विमा असेल तर कार्डाची मागची बाजू युरोपीय आरोग्यकार्ड म्हणून चेकमध्ये चालते. जर्मन सिमचं इंटरनेटही तिथे जादा पैशांशिवाय चालतं.

जाण्याचे दोन मार्ग. पहिला, ड्रेस्डेन मुख्य स्थानकावरून थेट युरोसिटी. याच गाडीचं तिकीट चेक रेल्वेच्या अ‍ॅपवर बऱ्याचदा जर्मन रेल्वेपेक्षा स्वस्त मिळतं, म्हणून दोन्हीकडे बघून मगच घ्यायचं. स्वस्तातलं तिकीट एकाच गाडीपुरतं असतं. ती चुकली की तिकीट गेलं, हे लक्षात ठेवून लेक्चर संपण्याची वेळ आणि गाडी यांत तासभर तरी मोकळा ठेवा. आरक्षण सक्तीचं नाही, पण शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार संध्याकाळ या दोन वेळी थोडे पैसे टाकून जागा धरलेली बरी. नाहीतर दाराजवळ बॅगेवर बसून जावं लागतं.

दुसरा मार्ग स्वस्त पण तुकड्यातुकड्यांचा. विद्यार्थ्यांच्या डॉइचलांडटिकिटावर, म्हणजे जर्मनीभर लोकल गाड्यांना चालणाऱ्या पासावर, एस-1 लोकलने बाड शांडाऊपर्यंत जायचं. तिथून यू-28 ही छोटी गाडी सीमा ओलांडून द्येचीनला सोडते आणि द्येचीनहून प्रागची वेगगाडी मिळते. सीमेपलीकडचं तिकीट वेगळं काढावं लागतं आणि खरा फायदा तिथेच आहे. चेक रेल्वेत 18 ते 26 वयाच्या विद्यार्थ्यांना देशांतर्गत तिकीट निम्म्या दरात मिळतं, परदेशी विद्यार्थ्यांनाही. पण त्यासाठी आयसिक हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्ड लागतं. विद्यापीठाचं कार्ड दाखवून भागेल या समजुतीवर सवलतीचं तिकीट काढलं तर गाडीत फरकाचे पैसे भरावे लागतात. सव्विसावा वाढदिवस झाला की सवलत संपते, आणि आपल्याकडून नोकरी करून मास्टर्सला आलेले बरेच जण या रेषेच्या पलीकडे असतात, तेव्हा जन्मतारीख मोजून घ्या. यू-28 ला मोठी अंतरं असतात. शुक्रवारी उशिरा निघणाऱ्याने या मार्गाच्या नादी लागू नये, एक जोडगाडी चुकली की रात्र द्येचीनच्या फलाटावर.

कुठल्याही मार्गाने जा, जाताना डावीकडची खिडकी धरा. लोहमार्ग एल्बे नदीच्या डाव्या काठाने जातो, त्यामुळे प्रागकडे जाताना नदी आणि पलीकडचे वालुकाश्माचे उभे कडे डाव्या हाताला राहतात. राटेनजवळ बास्टाईचे सुळके दिसतात. क्योनिगश्टाईनचा किल्ला तेवढा उजवीकडे आहे.

प्रागला उतरण्याआधी पैशांचं बघू, कारण पहिल्या अर्ध्या तासातच बहुतेकांचं नुकसान होतं. चेकमध्ये युरो नाही, क्राऊन आहे. हिशोबासाठी शंभर क्राऊन म्हणजे साधारण चार युरो धरा. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं, तरी बाजारातल्या गाड्या, स्वच्छतागृहं आणि काही जुन्या खाणावळींसाठी हजारभर क्राऊन रोख असावेत. ते बँकेच्या भिंतीतल्या एटीएममधूनच काढा. पर्यटकांच्या रस्त्यावर सुटी उभी असलेली यंत्रं मोठी रक्कम आधी सुचवतात आणि वाईट दर लावतात. यंत्र कुठलंही असो, मध्ये एक पडदा येतो: तुमच्या खात्यातून इतके युरो वजा होतील, मान्य आहे का? इथे नाकारा. नाकारल्याने व्यवहार रद्द होत नाही. पैसे क्राऊनमध्येच निघतात आणि दर तुमची बँक लावते. मान्य केलं की यंत्रवाल्याचा दर लागतो, आणि तो बऱ्याचदा दहा टक्क्यांनी वाईट असतो. दुकानात कार्ड टेकवतानाही हाच प्रश्न येऊ शकतो. तिथेही क्राऊनच निवडायचे.

रस्त्यावर कुणी चांगल्या दराने पैसे बदलून देतो म्हणाला तर थांबू नका, हातात दुसऱ्याच देशाच्या किंवा चलनातून गेलेल्या नोटा येतात. पैसे बदलण्याच्या दुकानात फसलात तर मात्र एक कायदा कामाचा आहे. 2019 पासून ग्राहकाला हजार युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. पावती जपून ठेवा आणि त्याच खिडकीवर परत जा.

शहरातला प्रवास मेट्रो, ट्राम आणि बस यांवर एकाच तिकिटात होतो. तिकीट वेळेवर चालतं: 30 मिनिटं, 90 मिनिटं, 24 तास, 72 तास. कागदी तिकीट घेतलं की काम संपत नाही, त्यावर शिक्का मारावा लागतो. मेट्रोत शिक्क्याची पिवळी यंत्रं वर, सरकत्या जिन्याच्या आधी असतात. फलाटावर एकही नसतं. नवखा माणूस तिकीट घेऊन सरळ खाली उतरतो आणि साध्या कपड्यातला तपासनीस नेमका जिन्याच्या पायथ्याशी उभा असतो. खिशात तिकीट असूनही शिक्का नाही म्हणजे विनातिकीट, आणि दंड हजार क्राऊन किंवा जास्त. दुसरी चूक म्हणजे काळजीपोटी प्रत्येक वेळी शिक्का मारणं. तो फक्त पहिल्यांदा मारायचा, दुसऱ्या शिक्क्याने तिकीट बाद होतं. ट्रामच्या आत कार्ड टेकवून तिकीट देणारं यंत्र असतं, त्यावर वेळ आधीच छापलेली येते, तेव्हा शिक्का लागत नाही. लीताच्का अ‍ॅपवर घेतलेलं तिकीट चालू केल्यावर लगेच वैध होत नाही, थोडा वेळ जातो, म्हणून ते गाडीत चढण्याआधी चालू करायचं.

आमचा हिशोब असा. शुक्रवारी रात्री स्थानकापासून हॉस्टेलपर्यंत आणि शनिवारी पहाटे चार्ल्स पुलापर्यंत 30 मिनिटांची सुटी तिकिटं. 24 तासांचं तिकीट पूल बघून झाल्यावर किल्ल्याकडे जाणाऱ्या ट्राममध्ये, आठच्या पुढे चालू करायचं. ते शनिवारभर आणि रविवारी सकाळी योसेफोवला पोहोचेपर्यंत पुरतं. रविवारी उरलेल्या दोन फेऱ्या सुट्या तिकिटांवर. 72 तासांचं तिकीट शनिवार-रविवारच्या फेरीला महागच पडतं.

हॉस्टेल जुन्या शहराच्या मधोमध घेऊ नका. आवाज जास्त, दर जास्त. झिश्कोव, विनोह्रादी, कार्लीन किंवा होलेशोविट्से इथे मेट्रो-ट्राम दाराशी असते. सहा ते आठ खाटांची खोली घेतली तर स्वतःचं छोटं कुलूप, पंचा आणि कानात घालायचे बोळे न्या. कुलूप तिथे विकत मिळतं, पण महाग. नोंदणीला पासपोर्ट मागतात, आणि आरक्षणाच्या रकमेबाहेर शहराचा कर माणशी रात्रीला 50 क्राऊन वेगळा द्यावा लागतो.

शनिवारी उजाडताच चार्ल्स पूल. 516 मीटर लांब, 16 कमानी, दोन्ही कठड्यांवर मिळून 30 शिल्पं. बांधकाम राजा चौथ्या चार्ल्सने 1357 मध्ये सुरू केलं. सकाळी नऊनंतर इथे फक्त माणसांच्या पाठी दिसतात, म्हणून उन्हाळ्यात साडेपाच-सहाला आणि हिवाळ्यात साडेसातपर्यंत पोहोचायचं. जुन्या शहराच्या बाजूने चालत पलीकडे माला स्त्रानाला जायचं, म्हणजे किल्ला समोर राहतो आणि उजेड पाठीमागून त्यावर पडतो.

पलीकडे मालोस्त्रान्स्के नाम्येस्ती या चौकातून 22 नंबरची ट्राम घ्या. बहुतेक जण प्राझ्स्की ह्राद थांब्यावर उतरतात. आम्ही दोन थांबे पुढे, पोहोर्झेलेत्सला उतरतो. तिथून सगळी वाट उताराची आहे. स्त्राहोव मठाच्या बाजूने शहरावर एक नजर टाकून लोरेटावरून ह्राद्चानीच्या चौकात आणि तिथून किल्ल्यात. खालून पायऱ्या चढून आलेला माणूस कॅथेड्रलच्या दारात पोहोचेपर्यंत दमलेला असतो, आणि रस्ते सगळे दगडी फरशीचे. पातळ तळव्याचे बूट घालून आलात तर दुपारपर्यंत टाचा बोलायला लागतात.

किल्ल्याचं आवार फुकट आहे. तिकीट लागतं ते आतल्या इमारतींना: कॅथेड्रल, जुना राजवाडा, सेंट जॉर्जची बॅसिलिका आणि गोल्डन लेन. तिकीट दोन दिवस चालतं, विद्यार्थ्यांना सवलत आहे. नऊला दारं उघडतात तेव्हा आधी कॅथेड्रलमध्ये शिरा, कारण दहानंतर रांग अंगणभर पसरते. राजवाडा आणि बॅसिलिका नंतर बघितली तरी चालतात. कॅथेड्रलचं काम 1344 ला सुरू झालं आणि 1929 ला पुरं झालं. त्यामुळे पूर्वेकडचा भाग चौदाव्या शतकातला आणि पश्चिमेची दर्शनी बाजू आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातली. आत उभं राहून दगडाचा रंग कुठे बदलतो ते शोधून बघा. गोल्डन लेन संध्याकाळी आतली दालनं बंद झाल्यावर नुसती चालायला फुकट उघडी असते. 22 नंबरच्या निळ्या घरात काफ्का 1916-17 च्या हिवाळ्यात लिहायला बसायचा, ते बाहेरून तेव्हाही दिसतं. परतताना जुन्या पायऱ्यांनी मालोस्त्रान्स्का मेट्रोपर्यंत उतरा.

जेवणाचं सांगायला हवं, विशेषतः शाकाहारी मंडळींसाठी. चेक जेवण मांसाचं आहे. स्वीच्कोवा आणि गुलाश बहुतेक वेळा गोमांसाचं असतं, ज्यांना वर्ज्य आहे त्यांनी ही दोन नावं पाठच करावीत. बिनमांसाचं हवं असेल तर ‘बेझ मासा’ म्हणायचं. आपल्याला मासा ऐकून मासळी आठवते, पण तिथे तो शब्द मांसाचा आहे. एवढं सांगूनही हॅमचे किंवा खारवलेल्या चरबीचे तुकडे येऊ शकतात, म्हणून शुन्का आणि स्लानिना नको हेही सांगा. सूप बटाट्याचं असलं तरी बऱ्याचदा हाडांच्या रश्शात केलेलं असतं. खात्रीचं म्हणजे स्माझेनी सीर: चीजचा जाड तुकडा पाव-चुऱ्यात घोळवून तळलेला, बरोबर उकडलेले बटाटे आणि टार्टर सॉस. दुसरा ब्रांबोराक. कच्चा बटाटा किसून त्यात लसूण, मार्जोरम, पीठ आणि अंडं घालून तव्यावर थापलेला. कडा कुरकुरीत, मध्य मऊ, उपासाच्या थालीपिठाच्या अगदी जवळ जाणारा, फक्त लसूण, पीठ आणि अंड्यामुळे उपासाला चालणार नाही. स्वस्त दुपारचा मेनू सोमवार ते शुक्रवारच असतो, शनिवारी त्याच्या आशेवर राहू नका. शाकाहारी पदार्थ वजनावर विकणारे बुफे शहरात आहेत, तिथे ताट भरून घेतलं तरी खिशाला झेपतं. भात हलकाच घ्या, वजन रश्श्याने आणि उसळीने वाढू द्या. रस्त्यावर निखाऱ्यांवर फिरणारा त्रदेल्निक जुना प्रागचा पदार्थ म्हणून विकतात, तसा तो नाही. गरम असताना चांगला लागतो, एवढंच.

दुपारनंतर जुना चौक आणि ओरलोय हे खगोलीय घड्याळ. दर तासाला, सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत, वरच्या खिडक्यांतून प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या शिष्यांच्या मूर्ती फिरतात, सांगाडा घंटा वाजवतो आणि शेवटी कोंबडा आरवतो. सगळं मिनिटभरात आटपतं आणि गर्दी पांगते. खरं बघण्यासारखं खाली आहे, आणि गर्दी पांगल्यावरच ते नीट दिसतं. सर्वांत जुना भाग 1410 चा. काडान गावच्या मिकुलाशने तो खगोलज्ञ यान शिंडेलच्या गणितावर बनवला. तबकडीवर निळा भाग दिवसाचं आकाश, तांबूस पट्टा संधिप्रकाश आणि खालचा काळा गोल रात्र. मध्यापासून बाजूला सरकलेलं लहान वलय राशींचं. त्यावर सोन्याचा सूर्य आणि अर्धा काळा, अर्धा रुपेरी चंद्राचा गोळा फिरतो. गोळ्याची किती चंदेरी बाजू तुमच्याकडे आहे त्यावरून तिथी सुमारे कळते.

आता बाहेरचं काळं वलय बघा, त्यावर जुन्या वळणाचे सोनेरी आकडे 1 ते 24 आहेत. हा जुना बोहेमियन काळ, तो सूर्यास्तापासून मोजतात. सूर्यास्ताला 24 पुरे होतात, म्हणून वर्षभर हे वलय मागेपुढे सरकत राहतं. सोन्याचा हात ज्या आकड्यावर आहे तो 24 मधून वजा करा, उरतील तितके तास सूर्यास्ताला बाकी. हात 21 वर असेल तर तीन तासांचा उजेड शिल्लक. आपलं पंचांग दिवस सूर्योदयापासून मोजतं, यांनी दुसरं टोक धरलं. राशींच्या बाबतीत एक फरक ध्यानात ठेवा. इथल्या राशी सायन आहेत, म्हणजे ताऱ्यांवरून नाही तर ऋतूंवरून मोजलेल्या. नाताळात ओरलोयवरचा सूर्य मकरेत गेलेला दिसतो, आणि आपली मकरसंक्रांत तोवर तीन आठवडे दूर असते.

उजेडाचे तास असे मोजले की लेत्नाच्या टेकडीवर कधी निघायचं ते ठरवता येतं. तिथून व्लतावा नदीवरचे पूल एकामागोमाग एक दिसतात. डिसेंबरात चारलाच अंधार पडतो, जूनमध्ये नऊनंतर. मेट्रो शुक्रवारी-शनिवारी रात्री एकच्या सुमारापर्यंत चालते, नंतर नव्वदीच्या क्रमांकाच्या रात्रीच्या ट्राम. त्या सगळ्या लाझार्स्का थांब्यावर एकत्र येतात, तेव्हा कुठलीही मिळाली तरी तिथे उतरून हवी ती पकडता येते. नव्या ट्रामवर श्कोडा हे नाव दिसेल. पुण्यात आणि छत्रपती संभाजीनगरात कारमुळे ओळखीचं झालेलं तेच नाव. मूळ एकच, ट्राम आणि कार बनवणाऱ्या कंपन्या आता वेगळ्या.

रविवारी नऊला योसेफोव. एका तिकिटात अनेक जागा येतात, पण सुरुवात पिंकास सिनेगॉगनेच करा, गट यायच्या आत. पुरुषांनी डोकं झाकायचं, टोपी तिथे मिळते. भिंतींवर छताजवळून पायापर्यंत तांबड्या-काळ्या बारीक अक्षरांत नावं आहेत: बोहेमिया आणि मोराविया इथल्या, नाझींनी मारलेल्या सुमारे 78,000 ज्यूंची. आडनाव, नाव, जन्मतारीख आणि हयात असल्याची शेवटची माहीत असलेली तारीख. गावानुसार लावलेली आहेत, त्यामुळे एकाच आडनावाखाली आजोबांपासून तान्ह्या मुलापर्यंत सगळं घर सलग वाचता येतं, आणि शेवटची तारीख बऱ्याचदा सगळ्यांची एकच. ही नावं 1954 ते 1959 मध्ये लिहिली. 1968 नंतर इमारत बंद राहिली, भिंती बिघडल्या, आणि 1992 ते 1996 मध्ये सगळी नावं पुन्हा हाताने लिहावी लागली. वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या नाझी छावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत. इथे घाई करू नका, पुढचं एखादं ठिकाण गाळावं लागलं तरी चालेल. बाहेर पडलं की जुनी दफनभूमी लागते. सर्वांत जुना दगड 1439 चा. जागा वाढवता येईना म्हणून थरावर थर चढले आणि बारा हजारांच्या आसपास दगड एकमेकांना टेकून उभे आहेत.

दुपारी मेट्रोच्या सी मार्गाने विशेह्राद या दुसऱ्या किल्ल्यावर. किल्ल्याच्या तटावर फिरायला पैसे लागत नाहीत, द्वोर्झाक आणि स्मेताना या चेक संगीतकारांच्या समाध्या इथल्या दफनभूमीत आहेत, आणि शनिवारच्या गर्दीनंतर इथे बसायला जागा मिळते. तिथून मुख्य स्थानक त्याच मार्गावर, गाडी बदलावी लागत नाही.

गाडीच्या अर्धा-पाऊण तास आधी स्थानकात या. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, प्रागमध्ये उघडी. स्थानकातल्या सुपरमार्केटमधूनच सोमवारचं दूध, पाव आणि भाजी घेऊन ठेवतो आम्ही. उरलेली नाणी तिथेच संपवा, क्राऊनची नाणी ड्रेस्डेनला कुणी बदलून देत नाही. फलाट शेवटच्या काही मिनिटांतच लागतो. फलकावर दोन आकडे येतात: ‘नास्तुपिश्त्ये’ म्हणजे फलाट आणि ‘कोलेय’ म्हणजे रूळ. एका फलाटाला दोन रूळ असतात, पहिला आकडा बघून पळालेला माणूस चुकीच्या बाजूच्या गाडीत चढतो. घोषणेत ड्रेस्डेनला द्राझ्द्यानी म्हणतात, तो शब्द कानात ठेवा. आता नदी उजव्या खिडकीला असेल. द्येचीन गेलं की पासपोर्ट आणि कार्ड वरच्या बॅगेतून काढून खिशात घ्या. पोलीस सहसा बाड शांडाऊच्या आसपास डब्यात येतात.